सावलीत टांगलेली टोपली

मी टोपली बोलतेय. देवाच्या फुलांची परडी नव्हे, की भाजीची पाटीही नव्हे. मी तारेची, तीन साखळ्यांनी टांगायची, फुलझाडं लावायची टोपली. बंगल्यातले लोक मला हँगिंग म्हणतात. मी गोड बोलेन अशी आशा ठेवू नका. माणूस या प्राण्याबद्दल माझं मत काही चांगलं नाही. ते का, एवढंच सांगायला तोंड उघडलंय.

माझा जन्म लखनौच्या नख्खास बाजारातला. तिथं पाखरं विकतात, आणि माझा कारागीर पोपटांचे पिंजरे बनवायचा. एका पिंजऱ्याचा घुमट त्याच्या हातून वाकडा झाला. तो त्यानं शिव्या हासडत उपटून टाकला आणि खाली उरलेल्या अर्ध्याला साखळ्या अडकवल्या. "लो, बास्केट बन गई!" म्हणाला आणि दुकानाबाहेर टांगलं मला. म्हणजे मी मुळात अर्धा पिंजरा. कुणाची तरी चूक झाकायलाच जन्माला आलेली.

मला विकत घेतलं सरोजनं. तिचा नवरा नंदकुमार बँकेत अधिकारी. बढती घेऊन तो लखनौला आला होता, तीन वर्षांत परत महाराष्ट्रात जायचं असं मनात धरून. गोमती नगरात बँकेची वसाहत होती. सगळी दुमजली क्वार्टर्स, आणि फाटकापाशी मोठ्या साहेबांचा बंगला. सरोजच्या गॅलरीत, पूर्वेच्या बाजूला, एका लोखंडी कडीला मी लटकले.

तीन वर्षं सरली, चौथं लागलं, तरी बदली होईना. तिकडे फलटणला नंदकुमारचे वडील, आत्मारामतात्या, एकटे. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. त्या हिवाळ्यात न्हाणीत पडले, तर शेजाऱ्यांना कळायला दुपार झाली. दर रविवारी हे दोघं कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर जायचे आणि परत येऊन गॅलरीत बसायचे. "या उन्हाळ्यात बदली नाही झाली तर तात्यांचं काही खरं नाही," सरोज म्हणायची. नंदकुमार मान हलवायचा. मान हलवणं हा त्याचा हुकमी डाव होता.

पहिल्या वर्षी सरोजनं माझ्यात पेटुनिया लावला. थंडीत फुलला, आणि एप्रिल सरताना लू, म्हणजे इकडचा तापलेला वारा, सुरू झाली तसा भाजलेल्या पापडासारखा झाला. सरोज रडली. पण बाई शिकणारी होती. पुढच्या उन्हाळ्यात तिनं चिनी गुलाबाच्या कांड्या आणल्या. इकडे त्याला नौबजिया म्हणतात, कारण तो सकाळी नऊच्या सुमाराला उमलतो. माझ्या तारांच्या फटींतून तिनं एकेक कांडी खोवली, आतून काथ्या दाबला. जितकं ऊन तापेल तितकं ते झाड माजतं. गुलाबी, पिवळी, केशरी फुलं माझ्या पोटाखालीसुद्धा लोंबायची. त्याचा हट्ट एकच. अंगावर थेट ऊन पडलं नाही, तर तो कळी उघडत नाही. सावलीत टांगलात तर दिवसभर मुठी मिटून बसेल. सरोजला हे पाठ होतं.

पंच्याण्णवच्या जानेवारीत नवे साहेब आले आणि त्यांच्याबरोबर त्यांची बायको, अनघामॅडम. पुण्याच्या. दोन मराठी बायका परमुलखात भेटल्या की गळ्यात पडतील असं तुम्हाला वाटत असेल. छे! संक्रांतीच्या हळदीकुंकवालाच अनघामॅडमनी सरोजच्या हाती वाणाऐवजी चहाचा ट्रे दिला. "सरोज, तू घरचीच आहेस ना, जरा फिरव गं." सरोज मूग गिळून फिरवत राहिली. निघताना मॅडम म्हणाल्या, "तुमच्या बदलीचं बोलते हं मी साहेबांशी." बोलल्या नाहीत. होळीला तिच्याकडून गुजिया, म्हणजे इकडच्या करंज्या, तळून घेतल्या, तेव्हाही तेच म्हणाल्या. तेव्हाही बोलल्या नाहीत.

एप्रिलमध्ये हुकूम सुटला. मे महिन्यात मुंबईहून बडे साहेब सपत्नीक येणार, तेव्हा प्रत्येक गॅलरीत हँगिंग हवं आणि त्यात जांभळा पेटुनियाच हवा. सगळ्या बायकांना मॅडमनी आमच्या गॅलरीखाली उभं करून हे सांगितलं.

"मॅडम, इथं मेमध्ये लू लागते," सरोज भीतभीत म्हणाली. "पेटुनिया टिकणार नाही."

"अगं, पुण्यात आमच्या गॅलरीत जूनपर्यंत टिकायचा! तुमच्याकडे फलटणला हँगिंग लावतात तरी का?"

बायका हसल्या. लखनौच्या बायका, ज्यांनी जन्मभर लू खाल्ली होती, त्याही हसल्या. साहेबांच्या बायकोचा विनोद कोण वाया घालवणार? सरोजचे कान लाल झालेले मी वरून पाहिले. तिनं माझ्यात वरच्या मातीत पेटुनिया लावला, हुकुमाप्रमाणे. तारांतला नौबजिया मात्र उपटला नाही.

व्हायचं तेच झालं. मे उजाडला आणि वसाहतभर टोपल्यांतून जळकी काडं लोंबू लागली. माझ्यातलाही पेटुनिया गेला. पण खालून नौबजियानं मला असं वेढलं की तार दिसेना.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी, सकाळी दहाला, अनघामॅडम शिपायाला घेऊन वर आल्या. मला पाहून थबकल्या.

"ही टोपली माझ्या पोर्चमध्ये लावते. मुंबईच्या मिसेस टंडन तिथंच उतरतील."

"मॅडम, ही मी..."

"तुझं ते माझंच ना गं? आणि हे बघ, उद्या मिसेस टंडनच्या कानावर तुमच्या बदलीचं घालतेच. त्यांचा शब्द बडे साहेब मोडत नाहीत. तुझ्या सासऱ्यांचंही सांगते."

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. पण मॅडम दारात थांबल्या आणि मागे वळल्या. "हिचं काही वेगळं करावं लागतं का गं? पाणीबिणी?"

पोर्च उत्तरेचा. तिथं दिवसभर सावली. सरोजनं माझ्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे.

"काही नाही, मॅडम. नुसती टांगा."

दुसऱ्या दिवशी सरोज मदतीला म्हणून लवकरच बंगल्यावर आली. पोर्चमध्ये माझ्याखाली उभी राहिली. नऊ वाजून गेले तरी माझी एकही कळी उघडलेली नव्हती. हिरव्या काड्यांचा नुसता झुपका, आणि त्यात चिमटीएवढ्या मिटलेल्या मुठी. आठ-दहा पावलांवर, फाटकाजवळ, लख्ख ऊन पडलं होतं. तिथल्या आंब्याच्या फांदीला मला अडकवलं असतं तर तासाभरात मी फुलांनी पेटले असते. मॅडम आत तयारीत गुंतलेल्या, त्यांनी वर पाहिलंच नव्हतं. सरोज हसली आणि चहा करायला आत गेली.

गाडी आली. मिसेस टंडन उतरल्या, बरोबर आणखी दोन-तीन बायका. सरोज ट्रे घेऊन दारात आली, आणि अनघामॅडमनी खरंच तिचा हात धरून तिला पुढे ओढलं.

"मॅम, ये हमारी सरोज है। इनके हस्बैंड चार साल से यहीं हैं, और घर पर ससुरजी अकेले, आँखों से दिखता नहीं। मैं आपसे यही कहना चाह रही थी कि..."

सरोजला हे वाटलंच नव्हतं. तिसऱ्यांदा दिलेला शब्द बाई पाळेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

मिसेस टंडनची नजर तेवढ्यात वर गेली. "अरे अनघाजी, ये क्या टाँग रखा है? घास?"

बरोबरच्या बायका खिदळल्या. अगदी तशाच, जशा एप्रिलमध्ये वसाहतीतल्या बायका आमच्या गॅलरीखाली खिदळल्या होत्या.

"मॅम, वो धूप में..." सरोज कसंबसं म्हणाली.

"चलिए, अन्दर चलिए, बड़ी गर्मी है," मिसेस टंडन म्हणाल्या आणि आत गेल्या. अनघामॅडमचं वाक्य अर्धंच राहिलं. पुन्हा ते त्यांनी उचललं नाही.

गाडी गेल्यावर दोघीच पोर्चमध्ये उरल्या.

"तुला ठाऊक होतं," मॅडम म्हणाल्या.

"मला वाटलं, तुम्ही या वेळीही बोलणार नाही."

"मी बोलत होते, सरोज."

सरोज स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायला निघाली होती. अपशकुन झाला, आणि नाकही गेलं. मला कणव आली म्हणाल, तर नाही आली. अनघामॅडमचीही नाही. एकीनं शब्द स्वस्त करून टाकला होता, दुसरीनं एक वाक्य गिळलं. आणि शिक्षा कुणाला? मला! चोर सोडून संन्याशाला सुळावर देतात ते असं. शिपायानं मला काढून बंगल्यामागच्या पाण्याच्या टाकीजवळ, फुटक्या विटांच्या ढिगावर फेकलं.

जूनमध्ये बदल्या निघाल्या. त्यांत नंदकुमारचं नाव नव्हतं. तो रजा काढून फलटणला गेला आणि तात्यांनाच घेऊन आला. चारबाग स्टेशनवरून त्यांची ऑटो आली ती भर दुपारी, लू वाहत असताना. म्हाताऱ्याला धरून जिना चढवला. ढिगावरून मला आमची जुनी गॅलरी समोर दिसते, आणि बोलणं ऐकू येण्याइतकी ती जवळ आहे.

आता रोज सकाळी तात्या तिथं खुर्चीवर बसतात. गावचा मळा सुटला, माणसं सुटली, बोलायला भाषासुद्धा उरली नाही. दूधवाला "बाबूजी, राम-राम" म्हणतो, तर ते भलतीकडेच तोंड करून हात जोडतात. परवा उठताना त्यांची काठी वरच्या कडीला लागली.

"सरोज, इथं हे काय गं?"

"कडी आहे, तात्या. टोपली होती तिथं फुलांची."

"मग कुठं गेली?"

सरोजनं त्यांची काठी सरळ करून हातात दिली.

"असो. मी म्हणतो, तुमचं नशीबच नाही पोरी," तात्या म्हणाले. "वरच्या कुणाजवळ एखाद्यानं शब्द टाकला असता, तर मीच तिकडं तुमची वाट बघत बसलो असतो की."

सरोज कठडा धरून उभी राहिली. मग आत निघून गेली, आणि भांडी घासल्याचा आवाज कितीतरी वेळ येत राहिला.

माझं आता फार राहिलेलं नाही. तार गंजली आहे, एक साखळी तुटली आहे, आणि पाऊस लागला की ही झाडं मुळापासून कुजतील. तुम्ही कधी माझ्यासारखी टोपली घेतलीत, तर फुलाचा रंग नंतर निवडा, आधी तिच्यावर ऊन कुठलं पडणार ते बघा. आणि कुणी विचारलं, काही वेगळं करावं लागतं का, तर त्याला खरं सांगा. तुम्ही ऐकाल असं मला वाटत नाही. तरी सांगून ठेवते.

या ढिगावर सावली करायला काहीच नाही. रोज नऊ वाजता इथं माझी फुलं उमलतात, पूर्वी कधी उमलली नव्हती इतकी. समोर गॅलरीत तात्या बसलेले असतात, त्यांना ती दिसत नाहीत. सरोजला दिसतात.