वेंगुर्ल्याचा दौरा कार्यक्रम

आमचे हे, म्हणजे नृसिंहराव, भिंगारच्या घरात पुढच्या खोलीत बसून निम्मा देश फिरलेत. सोबत मीही. दुपारचा चहा झाला की नकाशा पसरायचा, उडू नये म्हणून कोपऱ्यांवर रिकाम्या कपबश्या ठेवायच्या आणि निघायचं. कुठली गाडी पकडायची, कुठल्या स्टेशनावर वडा बरा मिळतो, थर्मास कोणाच्या पिशवीत, सगळं ठरतं. खोटं कशाला बोलू, त्या तासाभरात इतकी मजा येते की स्वयंपाकाला उठायचं जिवावर येतं.

पण निघणं काही होत नाही. यांच्या निवृत्तीला नऊ वर्षं झाली, नऊ सहली आखून झाल्या, आणि आम्ही गेलो कुठे, तर शेवगावला, भाचीच्या लग्नाला.

यंदा वेंगुर्ला ठरलं. मी जन्मात समुद्र पाहिलेला नाही. दिवाळीनंतर माझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन आहे, तेव्हा आत्ता नाही गेलो तर पुन्हा कधी, देव जाणे. हे मी यांना चारदा सांगितलं. चारही वेळा हे म्हणाले, बघू. या 'बघू'ने माझं डोकं असं काही फिरतं, काय सांगू!

काल हे दाढी करायला सलूनमध्ये गेले आणि मी रागारागाने त्यांची फाईल काढली. नऊच्या नऊ सहली, मोत्यासारख्या अक्षरात, तारीखवार. आणि प्रत्येकीच्या शेवटी एकच ओळ: 'मान्यतेस्तव सादर.' त्याखाली सहीची जागा कोरी.

मी कपाळाला हात लावला. हा माणूस चौतीस वर्षं सरकारी कचेरीत साहेबांचे दौरे आखत होता. वरून सही झाल्याशिवाय तिथे जीप जागची हलायची नाही. आता घरात साहेब कुठून आणायचा? नऊ वर्षं हे सहीची वाट बघत बसलेत, आणि त्यांचं त्यांनाही ते कळलेलं नाही. हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. फार माया आली हो.

मग वेंगुर्ल्याचं पान काढलं आणि कोऱ्या जागेत लिहिलं: 'मान्य. खिडकी मला. विलंब नको.' खाली माझी सही ठोकली, तारखेसकट. फाईल तशीच उघडी ठेवली.

हे आले. चष्मा लावून वाचलं, मग पुन्हा वाचलं. मला वाटलं, आता कागद खराब केला म्हणून ओरडतील. तर हे उठून उभे राहिले आणि शर्टाची वरची गुंडी लावली. कचेरीत साहेबांनी बोलावलं की लावायचे तशी.

"शोभा," हे म्हणाले, "आता जावंच लागेल."

आणि तडक तिकिटं काढायला गेले. मी दारात उभी राहून बघत राहिले. इतका आनंद मला माझ्या लग्नातसुद्धा झाला नव्हता.