बेलगाम शब्दाचं उदाहरण

शब्दकोशाच्या कचेरीत शब्दांना तोटा नसतो, तोटा असतो तो उदाहरणांचा. घरच्यांनी ज्याला चेष्टेने 'कोशकार' म्हणायला सुरुवात केली होती, तो शाळकरी मुलांच्या इंग्रजी-मराठी कोशात 'अनब्रायडल्ड'पाशी अडून बसला. अर्थ लिहिला: बेलगाम, अनावर, धरबंद नसलेलं. 'अनब्रायडल्ड जॉय', म्हणजे अनावर आनंद, हे एक उदाहरणही झालं. पण संपादकबाई म्हणाल्या, "नुसतं गोडगोड नको. हा शब्द ठपका ठेवायलाही वापरतात, ते मुलांना कळू दे. आणि वाक्य डोळ्यांनी पाहिलेलं लिहा."

जेवायच्या सुट्टीला दहा मिनिटं उरली होती. भुकेल्या पोटी त्याने खरडलं: 'नव्या पाहुण्यांसमोर आत्याच्या बेलगाम हसण्याने घरच्यांची मान खाली गेली.'

आत्या कसली, ती त्याची सख्खी ताई होती. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. त्याचं लग्न ठरताना होणारे सासरे पहिल्यांदा घरी आले, तेव्हा त्यांच्या कोऱ्या शर्टाच्या कॉलरला दुकानाची चिठ्ठी लटकत होती. ताई पडली शिवणकाम करणारी, तिची नजर नेमकी तिथेच गेली, आणि ती जी हसत सुटली ती पोट धरून खालीच बसली.

कोश छापून आला. ताईने तो शिवणाच्या दुकानात मशीनशेजारी ठेवला आणि ब्लाउजचं माप द्यायला येणाऱ्या बायकांनाही दाखवला. "माझ्या भावाने लिहिलाय हो!" हे त्याच्या कानावर आलं. एवढ्या जाडजूड बाडात तिला ते एक वाक्य कुठलं सापडतंय, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. पण चोराच्या मनात चांदणं. पुढे ताई त्याच्या घरी आली की ओठ मिटून हसू लागली, आणि तो काहीतरी कारण काढून ताटावरून उठू लागला.

शेवटी एका रविवारी तो दुकानात गेला. भाची कापड कापायच्या टेबलावर बसून परीक्षेचे शब्द पाठ करत होती. त्याच्यासमोरच तिने ते वाक्य घडाघडा म्हटलं.

"पुन्हा म्हण," काज करता करता ताई म्हणाली. "मामाचं वाक्य आहे, अडखळायचं नाही."

मग तिने पोरीला दोरा आणायला पिटाळलं.

"ताई, चुकलो गं," तो म्हणाला. "पुढच्या आवृत्तीत काढून टाकतो."

"का? अर्थ चुकलाय?"

"नाही."

"मग राहू दे. पण घरच्यांची मान कशी रे खाली गेली? तुझे सासरे माझ्यापेक्षा मोठ्याने हसत होते. त्यांची चिठ्ठी मीच कात्रीने कापली. मान एकट्या तुझी खाली होती. तेव्हाच पाहिलं होतं मी." तिने सुई कापडात खोचली. "त्याचंही काही नाही. पण आत्या कशाला लिहिलंस? बहीण म्हणायचीसुद्धा लाज वाटली?"

त्याला रडू आवरेना. तेवढ्यात भाची दोरा घेऊन आली आणि मामाकडे बघतच राहिली.

"मामाच्या डोळ्यात काहीतरी गेलंय," ताई पटकन म्हणाली. "जा, पाणी आण त्याला."