शामकांतांचे वाहते पाणी

आपल्या घरातली घाण उंबऱ्याबाहेर गेली की ती नाहीशी झाली, असे मानणारा मनुष्य अज्ञानी म्हणावा. परंतु तीच घाण शेजाऱ्याच्या घरी प्रकट झाल्यावर त्या शेजाऱ्यालाच अशुद्ध ठरवणारा मनुष्य अज्ञानी नव्हे, अधम होय. आणि हे सारे डोळ्यांदेखत घडत असता जो जाणता मनुष्य केवळ सोयीसाठी मान डोलावतो, त्याला काय म्हणावे हे मी अद्याप ठरवू शकलेलो नाही. कारण तो मी होतो.

नगरच्या सावेडी भागात आमची तीन मजली, सहा बिऱ्हाडांची इमारत आहे. तिच्या मागच्या अंगाला न्हाणीघरांचा एक उभा पाइप आहे आणि त्याला तीन घरे जोडलेली आहेत. सर्वांत वर शामकांत आणि त्यांच्या पत्नी विजयाबाई. मधल्या मजल्यावर मी, संस्कृतचा निवृत्त शिक्षक, एकटा. तळमजल्यावर दोन वर्षांपूर्वी श्रीगोंद्याकडच्या बनुबाई आपल्या नातीला घेऊन भाड्याने राहायला आल्या. त्यांचा मुलगा कानिफनाथ गावी ऊस करतो. नात संस्कृती बारावीला आहे. घराचा मालक पुण्याला असतो.

शामकांत सरकारी कचेरीतून निवृत्त झाले आणि त्याच आठवड्यात सोसायटीचे अध्यक्ष झाले; खुर्चीवाचून त्यांना बसता येत नसावे. त्यांचे सोवळे प्रसिद्ध होते. जिन्याच्या कठड्याला ते हात लावीत नसत. दूधवाल्याने पिशवी दारात ठेवायची आणि चार पावले मागे सरायचे, मग हे ती उचलणार. सकाळचे दोन तास पूजा चाले, आणि ती चालली आहे हे इमारतीतल्या प्रत्येकास कळावे इतक्या उच्च स्वरात चाले. उच्चार मात्र अशुद्ध. मी ते पंधरा वर्षे ऐकले आणि एकदाही सुधारले नाहीत, कारण त्यांच्या घरून रोज सकाळी मला आयता चहा येत असे.

गेल्या मार्गशीर्षात बनुबाईंच्या न्हाणीत तीनदा पाणी तुंबून वर आले. तिसऱ्या वेळी ते खोलीपर्यंत पोहोचले, आणि संस्कृतीची पलंगाखाली ठेवलेली वह्यापुस्तके भिजली. बनुबाईंनी अध्यक्षांकडे तक्रार केली. अध्यक्षांनी शनिवारी सायंकाळी पार्किंगमध्ये सभा बोलावली, आणि तक्रार करणारीलाच आरोपी करून टाकले. कचेरीत आयुष्य घालवलेल्या मनुष्याला हे कौशल्य शिकवावे लागत नाही.

"पाणी तळमजल्यावरच का वर येतं?" शामकांतांनी सभेला विचारले. "आमच्याकडे का येत नाही? गुरुजींकडे का येत नाही? विचार करा."

"सायेब, पानी खालीच येनार," बनुबाई म्हणाल्या. "वर चढाया त्याला काय जिना हाय व्हय?"

कोणीतरी हसले. शामकांत हसले नाहीत. "हसण्यावारी नेऊ नका. ही गावाकडची सवय आहे. भाकरीचं पीठ, भांड्यांची राख, मटणाचं तेल, सगळं मोरीत!"

"राख?" बनुबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आवो, चूल मोडल्याला पाच वर्सं झाली. राख काय तुमच्याकडनं उसनी आनू? आन तेलाचं म्हनाल तर भांडं आदी रद्दीच्या कागदानं पुसती, मंग धुती. मोरीला जाळी हाय माझ्या. रोज सांजच्याला उपसती, वरनं कढत पानी घालती. तुमी पुसता का तुपाची वाटी?"

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?" मी सहज विचारले.

"शिकवायचं काय त्यात, गुरुजी? गावाकडं आमच्या मोरीचं पानी परसातल्या अळवाला जातं. आज मोरीत जे टाकलं ते उद्या अळवाच्या बुडाशी दिसतंय. आपली घान आपल्यालाच भेटती, मंग मानूस जपून टाकतंय. हितं पाइपात गेलं की गेलं. कुनाला भेटतंय, कोन इचारतंय?"

एवढे स्वच्छ तत्त्वज्ञान मी अनेक सभांत ऐकलेले नाही. पण शामकांतांच्या खिशात नोटीस तयार होती. तळमजल्याच्या भाडेकरूंमुळे इमारतीचे आरोग्य धोक्यात आले असून मालकाने महिनाअखेर घर रिकामे करून घ्यावे, असा तिचा आशय होता. तोंडाने मोरीचे बोलायचे आणि हाताने घर काढून घ्यायचे, असा तो डाव होता.

बनुबाईंचा आवाज तेव्हा प्रथम खाली आला. "सायेब, असं करू नका. पोरीची बारावी हाय, फेब्रुवारीत परीक्षा. आता ह्या वक्ताला कुठं खोली हुडकू? कानिफ म्हनंल, चल गावाला. आन एकदा गावाला नेली की पुढच्या उन्हाळ्यात लगीन. पोरीचं शिक्शान तिथंच संपलं बगा."

"तो तुमचा घरगुती प्रश्न आहे," शामकांत म्हणाले, आणि कागद माझ्यापुढे धरला. "गुरुजी, तुम्ही ज्येष्ठ. पहिली सही तुमची."

मी सही केली. मला बनुबाईंचे म्हणणे पटले होते, तरी केली. शहाण्या माणसाचे मौन अनेकदा शहाणपणाचे नसते, आळसाचे असते. आणि मला त्या क्षणी वाद नको होता, एवढेच खरे. माझ्यामागून उरलेल्यांनी सह्या केल्या. मालकाला कागद सोमवारी धाडायचा ठरला.

रविवारी सकाळी नऊ वाजता बनुबाईंनी प्रत्येकाचे दार ठोठावले. "मागल्या अंगाला या. म्या प्लंबर बोलावलाय. काय निघतंय ते समद्यांच्या म्होरं निघू द्या. माझं निगालं तर आजच गाठोडं बांदती."

हनुमंत नावाचा तो प्लंबर केडगावचा होता. मोजके बोलणारा, पण हात बोलके. त्याने पाइपाच्या बुडाशी असलेले झाकण दाखवले. "ह्या आज्जींची लाइन इथं, पाइपाला बुडाशी जोडलीय. चोक आहे त्याच्या खाली. म्हणून वरचं पाणी पुढं जात नाही, आज्जींच्या न्हाणीत चढतं. आता अर्धा तास वरचे नळ बंद. कोणी पाणी सोडू नका, झाकण उघडतोय."

मी घराला कुलूप लावून, किल्ली हातात घेऊनच खाली आलो होतो. विजयाबाई नळ बंद करून आल्या. शामकांत पितांबर सावरत, नाकाला उपरणे लावून, सहा पावलांवर उभे राहिले.

हनुमंताने झाकण काढले. साचलेले पाणी धो धो बाहेर आले आणि ओसरले. मग त्याने तारेची स्प्रिंग आत सारली, फिरवली, ओढली, पुन्हा फिरवली. कपाळावर घाम आला. अखेरीस एक पांढुरका, थिजलेला, नारळाएवढा गोळा फरशीवर येऊन पडला. त्याने तो काठीने उलगडला. गोठलेले तूप. त्यात काळवंडलेल्या वाती. दूर्वा, अक्षता, सुपाऱ्या, दोन हळकुंडे. आणि या सर्वांना दोरीप्रमाणे गच्च आवळून धरणारी चार जानवी.

"हे भाकरीचं पीठ नाय, साहेब," हनुमंत म्हणाला.

मग एकेकाची दृष्टी शामकांतांच्या उघड्या खांद्यावर गेली. शामकांतांची माझ्याकडे आली.

"जानवं गुरुजींच्याही गळ्यात आहे," ते म्हणाले. "त्यांचं वय झालं. हल्ली विसरतात. मी त्यांना दोष देत नाही."

पंधरा वर्षांच्या चहाची किंमत मला अशी कळली. मी तोंड उघडणार इतक्यात शामकांतांनीच उपरणे झटकले. "हा अमंगळ प्रकार पाहण्यात आला. मला पुन्हा स्नान करणं भाग आहे."

"अहो, पाणी सोडू नका म्हणालेत ते!" विजयाबाई म्हणाल्या.

"स्नानाला प्लंबरची अनुज्ञा लागत नाही," असे म्हणून ते जिना चढून गेले.

सोवळ्याने बुद्धी शुद्ध होत असती, तर त्या मनुष्याने त्या दिवशी आंघोळीची गोळी घेतली असती. पण दंभाला सवय असते ती आरशाची. पाइप कुठून कुठे जातो हे पाहण्याची नसते. झाकण अजून उघडेच होते, आणि हनुमंत स्प्रिंग पुसत असतानाच पाइपात खळखळ झाली.

"आलं, आलं! बाजूला व्हा!"

साबणाच्या फेसासकट पाणी कोसळले. आणि त्याच्यासवे, जणू आपल्याला कोणीतरी साक्षीला बोलावले आहे अशा तत्परतेने, त्या सकाळची ताजी हिरवी बिल्वपत्रे, पिवळी शेवंती आणि अजून तुपाने ओली असलेली फुलवात बाहेर आली, आणि बनुबाईंच्या पायापाशी येऊन थांबली.

बनुबाईंनी आधी माझ्या हातातल्या किल्लीकडे पाहिले, मग वर, आणि मग त्या पानांकडे. "गुरुजी, तुमचं घर तर कुलूपबंद हाय. मंग हे देव कुठनं उतरले?"

हनुमंताने मान फिरवली. त्याचे खांदे हलत होते.

शामकांत खाली आले ते ताजे गंध लावून, नोटीस कमरेला खोचून, केसांतून पाणी निथळत. सगळे आपल्याकडे का पाहत आहेत हे त्यांना कळेना.

"झाली का आंगूळ, सायेब?" बनुबाईंनी विचारले. "तुमचं बेलाचं पान तुमच्या आदी खाली आलंय."

त्यांनी फरशीकडे पाहिले. त्या क्षणी लज्जित होण्याची संधी त्यांना होती. पण लाज वाटण्यासाठीही थोडे चारित्र्य लागते. ते ताठ झाले. "निर्माल्य कचऱ्यात टाकत नाहीत. वाहत्या पाण्यात सोडतात. नदीपर्यंत रोज कोण जाणार? आणि वाहत्या पाण्याचं गुरुजींनीच सांगितलंय, गणपतीतल्या प्रवचनात. विचारा त्यांना!"

"न्हाणीची जाळी ह्यांनीच काढून ठेवली आहे," विजयाबाई शांतपणे म्हणाल्या. "निर्माल्य तिच्यावर अडकतं म्हणून. समईतलं तूपसुद्धा तिथंच जातं. मी कुंडीत जिरवू म्हटलं, तर म्हणाले, तुला शास्त्र कळत नाही."

"विजया!"

"नाही कळत मला शास्त्र. पाणी कळतं."

आता सर्वजण माझ्याकडे वळले. प्रवचन मी केले होते, हे खरे. निर्माल्य वाहत्या पाण्यात सोडावे असे मी म्हणालो होतो, हेही खरे. वाहते पाणी म्हणजे कोणते, ते सांगण्याची मला गरज वाटली नव्हती. श्रोते बुद्धिमान आहेत अशी माझी समजूत होती.

"शामकांत," मी म्हणालो, "ज्या पाण्याच्या दुसऱ्या टोकाला कोणाची तरी न्हाणी आहे, त्याला वाहते पाणी म्हणत नाहीत. सांडपाणी म्हणतात. तुम्ही रोज तुमचा देव गटारात सोडलात, आणि तो ज्यांच्या दारी आला त्यांना घराबाहेर काढायला निघालात. नोटीस आणा इकडे."

"अध्यक्ष मी आहे. नोटिशीचं काय करायचं ते—"

"ती तुमच्या कमरेला खोचलेली आहे. आणा."

त्यांनी दिली. मी सर्वांसमक्ष माझी सही खोडली, आणि खाली लिहिले: असत्य जाणूनही सही केली, क्षमस्व. मग पेन पुढच्याच्या हाती दिले. एकेकाने आपापले नाव खोडले. काल ज्या घाईने सही केली होती त्याच घाईने, ही गोष्टही मला फारशी गौरवाची वाटली नाही. अखेर कागदावर एकट्या शामकांतांचे नाव उरले. विजयाबाईंनी तो कागद घेतला, आणि तुपाचा गोळा भरलेल्या बादलीत टाकला.

"मी मोलकरीण पाठवतो तुमची न्हाणी धुवायला," शामकांत बनुबाईंकडे न पाहता पुटपुटले.

"बाई नगं. देव तुमचं हायती, तुमीच उचला. आन जाळी बशिवल्याबिगर वरचा नळ सोडायचा न्हाई."

ते बनुबाईंच्या न्हाणीत गेले आणि उचलू लागले. खराटा त्यांनी लेखणीसारखा दोन बोटांत धरला होता. हनुमंताला ते बघवेना. त्याने पुढे होऊन त्यांच्या मुठीत खराटा नीट बसवला, आणि कोपरे कसे काढायचे ते एखाद्या बालकाला दाखवावे तसे दाखवले. मी बादली धरून उभा राहिलो. माझ्या वाट्याचे काम तेवढेच होते, आणि ते उशिरा का होईना मी केले. आतल्या खोलीत संस्कृती पलंगावर पाय वर घेऊन बसली होती. भिजलेल्या वहीची पाने पंख्याखाली पसरून ती त्यातले काहीतरी पुटपुटत पाठ करीत होती. एवढा गलबला झाला, तरी तिने मान वर केली नव्हती.

त्या मुलीला विद्या प्राप्त होवो. बनुबाईंना दीर्घ आयुष्य, आणि हनुमंताच्या हातांना यश लाभो. विजयाबाईंना त्यांच्या घरात त्यांचे शब्द ऐकले जाण्याचे दिवस येवोत. शामकांतांना परमेश्वर सद्बुद्धी देवो, आणि मला तिची आठवण देत राहो. सर्वांचे कल्याण असो.