गणपतरावची सांडशी

मनीषनगरच्या पुढे रस्त्याकडेला दोन लोहारांच्या भट्ट्या आहेत आणि मध्ये माझं लाकडी मुठींचं दुकान. गणपतराव सत्तूर घडवतो, जितेंद्र विळे. मुठी दोघांनाही लागतात, म्हणून मी दोघांचाही जिवलग.

आमच्याकडे नवरा तापलेली पट्टी सांडशीनं ऐरणीवर धरतो आणि बायको घण मारते. गणपतरावची सांडशी त्याच्याच हातची, चपट्या जबड्याची. तिच्यात पट्टी अशी बसते की त्याची प्रेमिला नवऱ्याशी भांडत भांडतही घण मारू शकते. जितेंद्रची बाजारातली, गोल सळीसाठी केलेली. पट्टी तिच्यात फिरते. परवा लाल पट्टी उडून देवकीच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, पायाजवळ पडली. तिनं घण खाली ठेवला.

"अवो, प्रेमिलाबाईचा नवरा कसा धरते, पाहा जरा."

झालं. गणपतरावचे सत्तूर सीताबर्डीच्या बाजारात जातात, धरमपेठेतल्या बाया गाडी थांबवून त्याच्याकडे येतात, एवढं जितेंद्रनं कसंबसं पचवलं होतं. हे घशातच अडकलं.

"त्यायची सांडशी मागून आणा," देवकी म्हणाली. "नाहीतर घण मारणारी दुसरी पाहा."

"मी त्याले मागू?"

"मंग नका मागू. मी बसून राहीन."

दुपारी गणपतराव घरी जेवायला गेला, तशी सांडशी जितेंद्रच्या भट्टीवर आली. मी मुठी घासत होतो. न दिसणं हाही धंद्याचाच भाग आहे.

पण चपटी सांडशी एकाच जाडीला बेतलेली असते. सत्तुराची पट्टी जाड, विळ्याची पातळ; ती नुसत्या टोकांत सापडून डुलायला लागली. चिडून जितेंद्रनं सांडशीचे जबडेच विस्तवात घातले आणि ठोकून आपल्या पट्टीवर बसवले. ते निवायच्या आत गणपतराव समोर उभा.

त्यानं सांडशी उघडून मिटून पाहिली.

"बरी बसवली गा. आता माह्या कामाची नाही राहिली. ठेव तुलेच, मी दुसरी घडवतो. मागितली असती तर तुह्या पट्टीवर मीच बसवून दिली असती."

शिवी दिली असती तर जितेंद्रला रात्री झोप तरी लागली असती.

देवकीनं पदर खोचला आणि घण पुरता उचलला. पट्टी जागची हलली नाही.

"कसं धरून राहिली, पाहा," ती म्हणाली. "गणपतभाऊच्या हातची वस्तूच येगळी."

"मीच बसवली ना," जितेंद्र म्हणाला. घणाच्या आवाजात तिला ते ऐकू गेलं नाही. मला गेलं.

संध्याकाळी तो मुठी न्यायला आला. एक हातात घेऊन त्यानं विचारलं, "गणपतराव कोणत्या नेते गा?"

"ह्याच."

"मंग मले दुसऱ्या दाखव."

मी त्याच मुठी मागच्या फळीवरून काढून दिल्या. त्याला फार आवडल्या.