भांडून मिळालेला मान

"कुजबुजू नका, काका. आवाज बसायला हेही एक कारण आहे," रुता म्हणाली आणि घसा बघायला त्यांच्या जिभेवर दाबून धरलेली पट्टी तिने काढली.

पेसामिनो चकित झाले. आवाज जपायचा म्हणूनच तर ते सात आठवडे कुजबुजत होते. गावभर फ्लू पसरला होता, तेव्हा अंगात ताप असताना ते एका लग्नात गावचे वक्ते म्हणून तासभर उभे राहून बोलले होते. दुसऱ्या दिवशी घशातून नुसती हवा आली. पुढे ताप गेला, खोकला गेला. आवाज काही परतला नाही.

रुता त्यांची पुतणी आणि गावच्या दवाखान्यातली नर्स. "कुजबुजताना घशाला जास्तच ताण पडतो. बोलायचं तर हळू, पण आपल्या आवाजात. नाहीतर गप्प. आणि ते सारखं खाकरणं बंद करा. इतके दिवस झाले म्हणजे आपियाच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आतून बघायलाच हवं. उद्याची बोट धरा."

"उद्या पाहुणे आहेत."

"म्हणूनच म्हणते."

"जाईन. पाहुणे गेले की."

त्यांची बायको सुलामी कोकोची वाटी घेऊन आत आली. "चाळीस वर्षांत पहिल्यांदाच या घरात माझं वाक्य पुरं होतंय," ती रुताला म्हणाली. "मला काही घाई नाही." पण वाटी त्यांच्या हातात देताना तिने त्यांच्या गळ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी नव्या शाळेच्या उद्घाटनाला पलीकडच्या बेटावरून पाहुणे आले. माळाच्या दुसऱ्या टोकाला ते बसले आणि इकडे गावचे वक्ते चटयांवर जमले. गावाच्या वतीने उभा राहतो एकच जण. तो कोण, हे आधी भांडून ठरतं: आपला हक्क मांडायचा, दुसऱ्याचा खोडायचा. पाहुणे तोवर थांबतात. लवकर आटोपलं तर त्यांनाच चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. तीस वर्षं बहुतेक वेळा पेसामिनोच जिंकत आले होते. तानिएलू त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान. त्याच्याशी एकदा इतकी जुंपली होती, की भट्टीत भाजलेले तारोचे कंद गार झाले होते.

आज तानिएलूच आधी बोलला. "पेसामिनो बोलतील."

"हो, हो," बाकीचे म्हणाले. अर्धं मिनिटही लागलं नाही.

पेसामिनोंनी वक्त्याच्या काठीला हात घातला. मग त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. एकजण वर बघेल तर शपथ. आजाऱ्याच्या पानात माशाचा मऊ तुकडा वाढावा, तसा हा मान त्यांच्यापुढे ठेवला गेला होता. उभं राहून तोंड उघडलं की काय होईल, हे चटयांवर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

त्यांनी काठी खाली ठेवली.

"तानिएलू." आवाज फाटका होता, पण आवाज होता. "मला फुकट नको. भांड."

"तुम्हाला बरं नाही."

"मेलो तर नाही ना? हा माळ माझ्या आजोबांनी साफ केला. तुझे आजोबा तेव्हा कुठे होते?"

 तानिएलू नीट मांडी घालून बसला. "तुमचे आजोबा माळ साफ करत होते, कारण बोलायला त्यांना कुणी बोलावत नव्हतं. बोलत होते ते माझे आजोबा."

कुणीतरी फसकन हसलं. मग वाद पेटला. लग्नं, जमिनी, कुणाच्या पणज्याने कुठल्या पाहुण्यांपुढे भाषणात काय गाळलं, सगळं निघालं. पेसामिनो हळू बोलत होते, मधे नारळपाण्याचा घोट घेत होते, आणि बाकीचे चटयांवरून सरकत त्यांच्या जवळ येत होते. वीसेक मिनिटं झाली. एका नावाच्या जागी नुसती हवा आली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला; पुन्हा हवाच. तानिएलू थांबून राहिला. त्याने ते नाव पुरवलं नाही.

"जा," पेसामिनो अखेर म्हणाले. "तुझंच खरं. आणि पाल्हाळ लावू नकोस, तुला ती खोड आहे."

"कुणाकडून घेतली ती?" तानिएलू उठत म्हणाला.

उन्हात जाऊन त्याने काठी जमिनीत रोवली, काथ्याची चवरी खांद्यावर टाकली आणि पहिली हाक दिली. ती माळ ओलांडून गेली.

तीस वर्षांत पेसामिनोंनी आपल्या गावच्या वक्त्याला मागून फारसं पाहिलंच नव्हतं. तानिएलूची पाठ उघडी होती. समोरच्यांना तो डोंगरासारखा दिसत असणार. इकडून मात्र मानेपासून कमरेपर्यंत घामाची एक धार सरळ उतरताना दिसत होती.