कानफाटीची तिसरी खेप

चिलेशेनं पिशवी खाटेवर उलटी केली आणि संत्री घरंगळत सुटली. दोन खाली पडली, एक थेट तियामिकेच्या पायाशी येऊन थांबलं.

"आईनं पाठवलीत, लुसाकाच्या बसनं. मीच तिला म्हटलं, मामाकडे सुट्टीभर मक्याचा गोळा आणि वाळकी मासळी खाऊन माझं काही खरं नाही. घे, तूही घे. पण एकच हं!"

तियामिकेनं संत्रं उचललं. वास नाकात शिरला आणि काय बोलायचं ते आपोआप ओठावर आलं. लुआंग्वा नदीच्या काठावर पाहुण्याला पाणी देण्याआधी सांगतात ते : घरात संत्रं ठेवायचं नाही. आणलंच तर गावाबाहेर खायचं आणि सालं पुरून यायचं. हत्तीला तो वास कोसभरावरून लागतो, आणि मग मध्ये भिंत आहे की माणूस, हे तो बघत बसत नाही. पलीकडच्या अभयारण्याला कुंपण नव्हतं. होती ती नदी, आणि ऑगस्टात तीही गुडघाभर.

चिलेशे आली त्याच संध्याकाळी बाबांनी बजावलं होतं, "आत्याच्या लेकीला इथले नियम तू सांगायचे." तिनं मगरीचे सांगितले, सापाचे सांगितले. संत्री तेव्हा नव्हती.

"चिलेशे, ऐक ना—"

चिलेशेनं लगेच नाक चिमटीत धरलं. "'माझे वडील वनरक्षक आहेत. ते जंगलाचे राजे, आणि मी त्यांची राजकन्या!' बोला राजकन्ये, काय ऐकू?"

निबंध तियामिकेचा होता. हेडमास्तरांनी तो सगळ्या शाळेसमोर वाचून दाखवला होता, आणि त्या दिवसापासून ती मान ताठ करून चालायला लागली होती. मुलांना उलट उत्तरं देत होती, वर्गात पहिल्या बाकावर बसत होती. काल चिलेशेनं ती वही हातपंपावर नेली आणि अकरा मुलींना याच आवाजात वाचून दाखवली, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. आज पहाटेच कुणीतरी वाटेत आडवं येऊन विचारलं होतं, "राजकन्या, आम्हाला पाणी भरू देता का?"

तियामिकेनं संत्रं परत पिशवीत टाकलं.

"खाटेखाली ठेव," ती म्हणाली. "मागच्या भिंतीला लागून. गार राहतील."

"बघ! कधीकधी चालतं की डोकं तुझं."

कानफाटीचा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. डावा कान फाटलेली ती म्हातारी हत्तीण दोन वर्षांत दोनदा गावात शिरली होती, दोन घरांच्या मक्याच्या कणग्या तिनं सपाट केल्या होत्या. गावानं तेव्हाच तिच्या नावाची गोळी मागितली. बाबा मुखियासमोर उभे राहिले. "तिसऱ्यांदा आली तर मी स्वतः घालीन. तोवर तिच्या वाटेला कुणी जायचं नाही." तेव्हापासून फेरी संपवून घरी आले की ते बूट काढता काढता सांगायचे, "आज दिसली. बरी आहे." लांबच्या मावशीची खुशाली सांगावी तसं.

पण परवाच ते म्हणाले होते की ती नदीच्या वरच्या अंगाला गेली, दोन दिवसांच्या चालीवर. मग उरली कोण, तर माकडं. माकडं येतील, खिडकीतून घुसतील, पिशवी फाडतील, चिलेशेच्या पिवळ्या झग्यावर चोथा थुंकतील आणि आणखीही काय काय करतील. त्या रात्री उशीत तोंड खुपसून तियामिके खूप हसली.

शनिवारी जेवताना बाबा म्हणाले, "कानफाटी परतली. नदीच्या वळणावर होती."

तियामिकेचा घास हातातच राहिला. आता सांगावं. एक वाक्य तर होतं.

"मामा, ती हत्तीण पण तुमच्या राज्यातलीच का हो?" चिलेशेनं विचारलं आणि आईसुद्धा वाढता वाढता फिस्सकन हसली. हातपंपावरची गोष्ट घरापर्यंत पोचली होती तर.

तियामिकेनं घास तोंडात घातला. उद्या सकाळी सांगू, ती मनाशी म्हणाली. सकाळी चर्चला जायची घाई होती.

दुसरं भजन चालू असताना बाहेर पत्रे वाजायला लागले. पत्रे, डबे, पातेली. गाणं मध्येच तुटलं आणि अख्खं चर्च धावत सुटलं.

तियामिकेच्या घराची मागची भिंत राहिली नव्हती. खाट अंगणात उलटी पडली होती, कणगी फुटून वर्षाचा मका मातीत गेला होता, आणि त्यात कानफाटी शांतपणे उभी होती. सोंडेनं विटांचे तुकडे बाजूला सारून ती एकेक संत्रं वेचत होती. तोंडातून रस गळत होता.

"तिसरी खेप!" कुणीतरी ओरडलं. "वनरक्षकाच्याच घरात की हो! आता काय म्हणतो तुमचा राजा?"

बाबांना बंदूक आणायला चौकीपर्यंत जावं लागलं. ते परत येईपर्यंत बायका घरोघरी जाऊन मांसासाठी घमेली, सुऱ्या, कुऱ्हाडी घेऊन आल्या होत्या. चर्चच्या पांढऱ्या सदऱ्यातच बाबा गर्दीतून पुढे गेले. फार हळू गेले. कानफाटीनं मान वर केली, त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. संत्री अजून संपली नव्हती.

ती कोसळायला दोन गोळ्या लागल्या. दुसरीचा आवाज विरायच्या आत घमेली धावली.

"थांबा!" मुखिया काठी आपटून म्हणाला. "रीत आहे की नाही काही? ज्याची भिंत पडली, पहिला वार त्याचा."

बाबा बंदुकीवर रेलून उभे होते. चिलेशे रडवेली होऊन त्यांच्याजवळ गेली.

"मामा, माझ्या खाटेखाली संत्री होती. मला खरंच माहीत नव्हतं. तियामिकेलाही नसणार. तिनंच तर सांगितलं, भिंतीशी ठेव, गार राहतील म्हणून. माझ्यासाठीच म्हणाली ती."

बाबांनी मान हलवली. चिलेशेच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझी चूक नाही, पोरी."

मग त्यांनी एका बाईच्या हातातली सुरी घेतली.

"तियामिके, ये." आवाज नेहमीचाच होता, प्यायला पाणी मागावं तसा. "पहिला वार आपल्या घराचा."

"बाबा, तुम्ही—"

"मी माझं काम केलं."

गर्दीनं तिला वाट करून दिली. कातडं अजून ऊन होतं आणि सुरी त्यावरून घसरत होती. बाबांनी मागून तिचं मनगट धरलं आणि जागा दाखवली.

"तिथं नाही. इथं. दोन्ही हातांनी. जोर लाव."

तिनं जोर लावला. बायकांनी जिभा फिरवत किलकारी मारली. चिलेशेनं डोळे पुसले होते आणि एका विटेवर चढून मोबाईल धरला होता.

"अगं, इकडे बघ ना! असं काय तोंड केलंयस? हस की जरा!"

तियामिकेनं बाबांकडे पाहिलं. त्यांनी तिचं मनगट सोडलं नव्हतं.

"हस," ते म्हणाले.

आणि ती हसेपर्यंत ते थांबले.