बहिणीच्या नावाचा डबा

घड्याळजी घर सोडून गेला तेव्हा त्याच्या आईने छाती बडवून सांगितलं होतं, "मेला तो मला!" आणि ती सुनेजवळच राहिली. शेजारपाजारच्यांना या गोष्टीचं फार कौतुक. अशी सासू मिळायला नशीब लागतं, म्हणायचे. सुनेलाही तसंच वाटायचं. ज्या नर्सबरोबर नवरा गेला, ती सासूबाईंनाच इंजेक्शन द्यायला घरी यायची. तिला चहा करून देणारी सूनच. एवढं सगळं झाल्यावर म्हातारीने आपली बाजू घेतली, हीच काय ती फुंकर.

पुरीम तोंडावर आला होता. या सणाला एकमेकांच्या घरी खाऊ पाठवायचा असतो, आणि या घरातून जायच्या त्या तिकोन्या. मैद्याची गोल पारी, मध्ये खसखशीचं सारण, तीन बाजूंनी दुमडून चिमटलेले कोपरे. ज्या दुष्ट वजिराने झाडून सगळ्या ज्यूंना मारायचा घाट घातला होता, त्याचे हे कान, असं पोरांना सांगायचं. सासूबाईंच्या बोटांत आता जोर राहिला नव्हता. त्या खुर्चीत बसून हुकूम सोडत.

"खसखस अजून वाट. दाताखाली कचकचतेय."

"तुमचे दात तर वाटीत आहेत, आई."

"म्हणूनच सांगते. हिरड्यांना जास्त कळतं."

दोघी हसल्या. सुनेने खसखस पुन्हा वाटली, दुधात मधाबरोबर आटवली, वरून लिंबाची साल किसून घातली. पेला उपडा दाबून पाऱ्या कापल्या. पण पहिल्या ट्रेमधल्या निम्म्या तिकोन्या ओव्हनमध्ये उकलल्या आणि सारण बाहेर येऊन करपलं.

"कोपरे नीट चिमट गं. कुणाचा तरी गळा धरल्यासारखे."

"कुणाचा ते सांगायला नको," सून म्हणाली. पुढच्या ट्रेमधली एकही उकलली नाही.

सासूबाई या वेळी हसल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्यातल्या चांगल्या बघून बाजूला काढ. माझ्या धाकट्या बहिणीला डबा पाठवायचाय. तिच्या तोंडाला चव नाही म्हणे."

सुनेने एकसारख्या रंगाच्या निवडून काढल्या. चव येईल म्हणून लिंबाच्या मुरंब्याची बाटली आपणहून ठेवली. शेजारची शिंपीण त्या बाजूला जाणारच होती. डबा घेताना ती सुनेकडे न बघता तरातरा जिना उतरली.

सणाच्या सकाळी सून सिनेगॉगमध्ये गेली. राणीने आपल्या लोकांचे प्राण कसे वाचवले, ती कथा वाचून झाली. वजिराचं नाव आलं की पोरं खुळखुळे वाजवून, पाय आपटून छप्पर डोक्यावर घेत होती. सूनही पोरांच्या बरोबरीने पाय आपटत होती. बऱ्याच महिन्यांनी तिला हलकं वाटत होतं.

परतताना चौकात मागून हाक आली. "ताई!"

नर्स होती.

"थांबा ना जरा. तुमचे आभार मानायचे होते. तिकोन्या खाताना रडूच आलं मला. आई फोनवर म्हणाल्या, ताईंनी मुद्दाम तुझ्यासाठी केल्यात. मनात काही ठेवलं नाही म्हणाल्या. सध्या माझ्या पोटात दुसरं काही ठरतच नाही बघा."

तिने कोटाची बटणं लावली नव्हती. लावता आलीच नसती.

"मुरंबा पुरला का?" एवढंच सून म्हणाली आणि चालू लागली.

घरी सासूबाई संध्याकाळच्या पाहुण्यांसाठी चमचे पुसत बसल्या होत्या.

"तुमची बहीण भेटली," सून म्हणाली. "सहावा महिना दिसतोय."

सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. "नातवंड आहे गं ते माझं. तुझ्या पोटी झालं असतं तर मी कशाला..."

"माझ्याच हातचं माझ्या सवतीला? आणि तेही माझ्या नावाने?"

"तुझ्या नावाने गेलं म्हणून तर घेतलं त्यांनी. तो माझ्याशी बोलतच नव्हता."

"आणि मी, आई?"

"तू काय, तू आहेसच की."

सुनेने तिथल्या तिथे नवऱ्याला फोन लावला. "तुझ्या आईला घेऊन जा. आजच्या आज."

म्हातारी रडेल, हातापाया पडेल, असं तिला वाटलं होतं. म्हातारीने उठून कपाट उघडलं. कपडे, औषधं, चष्मा, सगळं पिशवीत भरलं आणि कोट घालून दाराशी बसली. तिच्या चेहऱ्यावर लग्नघरी निघाल्यासारखा आनंद होता. सुनेला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

दिवस कलला तेव्हा फोन आला. "आमच्या इथे लिफ्ट नाही," घड्याळजी म्हणाला. "बाळंतपण होऊ दे, मग बघू. आईला तुझीच सवय आहे."

सुनेने शब्दही न बदलता निरोप सांगितला.

"चढेन मी जिने. सांग त्याला."

"तुम्हीच सांगा."

सासूबाईंनी फोन लावला. पुन्हा लावला. पलीकडून कुणी उचलेना. सून समोर उभी राहून बघत होती. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची स्वतःचीच किळस आली. तेवढ्यात पाहुण्यांनी बेल वाजवली. तिने म्हातारीच्या अंगातला कोट काढला आणि दार उघडायला गेली.

त्यानंतर दोघी त्याच घरात राहिल्या. सून वेळेवर जेवण द्यायची, औषध द्यायची. बोलणं मात्र कामापुरतं. उन्हाळ्यात मुलगी झाल्याचं शिंपिणीकडून कळलं. नात बघायला सासूबाईंना कुणी बोलावलं नाही. एकटीने जाणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं, आणि सुनेने त्यांना नेलं नाही. मुलाचं घर फक्त एका बसच्या अंतरावर होतं.